कुणाच्या ठोक्याने चालायचं?

पोलादपूरहून ढवळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर उमरठ लागतं. तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्या या गावात आहेत, आणि तानाजींच्या पुण्यतिथीला दर वर्षी इथे माणसं जमतात. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर जे घडलं, ते सर्वसामान्य मराठी माणसापर्यंत बखरींपेक्षा पोवाड्याने जास्त पोचवलं. तानाजींच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गोष्ट घराघरात गेली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यामुळे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तोवर ही कवनं मुख्यतः गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडी होती. तोंडी म्हणजे दर वेळी थोडी वेगळी. डफ कधी सावकाश, कधी घाईत, आणि झीलकरी त्या डफाच्या मागे.

आता असं धरू, की उमरठच्या मोकळ्या जागेत असा एक पोवाडा ध्वनिमुद्रित करायचा आहे. स्टुडिओ नाही, लांबलचक केबल ओढायची सोय नाही. म्हणून तीन वेगवेगळी यंत्रं ठेवली. शाहिराच्या अंगरख्याला बारीकसा माइक आणि कमरेला छोटा डिजिटल रेकॉर्डर. डफ, तुणतुणं, झांज आणि झीलकऱ्यांसमोर स्टँडवर दुसरा रेकॉर्डर. तिसरा लोकांच्या पाठीमागे, टाळ्या आणि आरोळ्या टिपायला. अर्ध्या-पाऊण तासाचा पोवाडा संपतो, तिन्ही कार्डं संगणकात जातात आणि संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन ट्रॅक एकाखाली एक मांडले जातात. पहिला डफाचा ठोका तिन्हीत शोधून एका रेषेत आणला की वाटतं, झालं काम. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं ठीक वाजतं. मग शाहिराचा आवाज पोकळ व्हायला लागतो, पिंपात तोंड घालून गायल्यासारखा. पाव तास उलटेपर्यंत डफ फाटतो. एका ठोक्याचे दोन ऐकू येतात.

काहीही बिघडलेलं नाही. तिन्ही यंत्रं आपापल्या परीने बरोबर चालली आहेत, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

डिजिटल रेकॉर्डर आवाज सलग टिपत नाही. तो सेकंदाला ठरावीक वेळा हवेच्या दाबाची नोंद करतो, बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. नोंद कधी घ्यायची हे सांगतो तो आतला क्वार्ट्झचा स्फटिक. वीज दिली की हा स्फटिक ठरावीक वेगाने थरथरतो. दाब आणि वीज यांचं नातं पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ते घड्याळ महिन्याकाठी काही सेकंद पुढे-मागे जातं हे आपण मुकाट्याने सोसतो. रेकॉर्डरचा स्फटिकही त्याच कुळातला. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस-तीस भागांची चूक सहज असते. शिवाय त्याचा वेग तापमानाने बदलतो: अंगरख्याखाली अंगाच्या उबेत असलेला रेकॉर्डर आणि फेब्रुवारीच्या उन्हात स्टँडवर तापलेला रेकॉर्डर कारखान्यातून जुळे निघाले असले, तरी त्या दुपारी जुळे राहत नाहीत.

दहा लाखांत वीस म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एक यंत्र वीसने पुढे आणि दुसरं वीसने मागे असेल, तर दोघांत दहा लाखांत चाळीसचं अंतर पडलं. म्हणजे पंचवीस सेकंदांत एक मिलिसेकंद, साडेबारा मिनिटांत तीस आणि तासाभरात एकशे चव्वेचाळीस मिलिसेकंद. तीसेक मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की आपला कान दोन आवाज वेगळे मोजू लागतो, डफासारख्या तुटक आवाजात तर त्याच्याही आधी. दुहेरी ठोक्याचा उलगडा इथे होतो.

पोकळ आवाजाचं कारण आणखी गमतीचं आहे. शाहिराचा आवाज त्याच्या छातीवरच्या माइकमध्येही आहे आणि समोरच्या माइकमध्येही. त्या दोघांत एक मिलिसेकंदाचा फरक पडला, की सेकंदाला ५०० कंपनांचा सूर एकात वर असतो तेव्हा दुसऱ्यात खाली, आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. १५०० चं तेच, २५०० चं तेच. आवाजातून मधल्या मधल्या पट्ट्या कापल्या जातात. आणि फरक हळूहळू वाढत असल्यामुळे हे काप जागा बदलत राहतात. म्हणूनच तो विचित्र, सरकता पोकळपणा. विजेच्या गिटारवाल्यांसाठी हा परिणाम मुद्दाम आणायची पेटी बनवून विकली गेली. पोवाड्यात तो कुणालाच नको असतो.

अशा वेळी सॉफ्टवेअरकडे बोट दाखवलं जातं, किंवा नवा महागडा रेकॉर्डर घ्यायचा सल्ला मिळतो. माझं मत असं, की आधी नेमकं काय जुळवायचं आहे ते ठरवावं, कारण ‘सिंक करा’ या एका हुकमात तीन निरनिराळी कामं दडलेली आहेत. रेकॉर्डिंग कुठून सुरू झालं हे जुळवणं हे पहिलं. ते कोणत्या वेगाने पुढे गेलं हे दुसरं. आणि गाण्याचा ठोका सॉफ्टवेअरच्या मोजपट्टीवर कुठे पडतो हे तिसरं. पहिलं जुळलं म्हणजे दुसरं जुळलं असं नाही, आणि तिसऱ्याचा पहिल्या दोघांशी जवळपास संबंधच नाही.

पहिल्या कामाला सिनेमावाल्यांनी फार आधी उत्तर शोधलं. तानाजीच्याच कथेवर बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ साली ‘सिंहगड’ काढला तेव्हा चित्रपट मुका होता. जुळवायला आवाजच नव्हता. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, प्रभातने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली तीच कथा बोलपटात आणली, तेव्हा मात्र तलवारीचा खणखणाट आणि तलवार एकाच क्षणी दिसायला-ऐकू यायला हवी होती. चित्रणाच्या वेळी फळी आपटण्याची रीत बोलपटाबरोबर रूढ झाली ती यासाठी: फळी मिटली ती फ्रेम डोळ्याला सापडते, फळीचा ‘टक्’ कानाला. उमरठच्या मैदानातही शाहिराजवळ जोरात एक टाळी वाजवली तर तिन्ही ट्रॅकवर तिचा सुळका उभा राहतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात जेमतेम चौतीस सेंटिमीटर जातो. लोकांच्या मागे ठेवलेला रेकॉर्डर शाहिरापासून तीस मीटरवर असेल, तर टाळी त्याच्यापर्यंत पोचायलाच सुमारे ८८ मिलिसेकंद लागतात. तिन्ही सुळके एका रेषेत ओढले की हे अंतर पुसलं जातं. शाहीर जणू मागच्या माणसाच्या कानाशी गातो आहे असं होतं. उलट, तिन्ही यंत्रांना सुरुवातीलाच एकच वेळ लावून दिली आणि त्या वेळेप्रमाणे ट्रॅक मांडले, तर मागच्या माइकचा उशीर तसाच राहतो आणि मैदान मोठं वाटतं. मात्र त्याचा आवाज वर नेला की शाहिराचे शब्द धूसर होतात. यातलं बरोबर कोणतं? माझ्यापुरतं सांगायचं तर मागचा माइक टाळ्या आणि आरोळ्यांपुरता वर घ्यावा, कवनाच्या वेळी खाली ठेवावा आणि त्याचा उशीर त्याच्याकडेच राहू द्यावा. जवळचे दोन माइक मात्र टाळीने जुळवावेत. सॉफ्टवेअर आवाजाच्या आकारावरून फाइली आपोआप जुळवून देतं, पण अंतराचं हे तारतम्य त्याला ठाऊक नसतं.

एकच वेळ लावून द्यायची ही पद्धत टाइमकोडची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हिडिओ टेपच्या संपादनासाठी ती आली. प्रत्येक फ्रेमला ऐंशी बिटांचा एक पत्ता, त्यात तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. आपल्याकडे दूरदर्शनच्या परंपरेने सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. चित्रासाठी हे पुरेसं बारीक आहे, दोन माइक जुळवायला फारच ढोबळ. आणि टाइमकोड पत्ता सांगतो, वेग धरून ठेवत नाही. रेकॉर्डरने सुरुवातीला टाइमकोड घेतला आणि नंतर तो आपल्या स्फटिकावर चालला, तर सुरुवात बरोबर आणि शेवट घसरलेला, हीच गत पुन्हा.

वेगाचं दुखणं चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकांना टेपच्या काळातही होतं. टेप ताणली जाते, घसरते. स्टेफान कुदेल्स्की यांच्या नाग्रा रेकॉर्डरमध्ये आवाजाच्या जोडीला कॅमेऱ्याच्या मोटरकडून आलेला ५० कंपनांचा एक गुपचूप सूर टेपवर उमटायचा, आणि पुढे टेप वाजवताना त्या सुराच्या आधारे तिचा वेग सावरून घेतला जायचा. आजची डिजिटल यंत्रं तेच दुसऱ्या रीतीने करतात. एका यंत्राने घड्याळ व्हायचं आणि बाकीच्यांनी आपलं घड्याळ बंद ठेवून त्याचं ऐकायचं. त्यासाठी ‘वर्ड क्लॉक’ नावाचा स्पंदनांचा प्रवाह एका केबलने एकीकडून दुसरीकडे जातो, प्रत्येक नोंदीला एक स्पंदन. दिंडीत टाळ कितीही असोत, चालायचं ते एका पखवाजाने. कोणता पखवाज हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. दोघांनी हक्क सांगितला तर दिंडी मोडते.

रेकॉर्डर सॉफ्टवेअरला थेट जोडताना हा हक्काचाच वाद होतो. समजा, रेकॉर्डरची डिजिटल केबल संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घातली आणि इंटरफेस आपल्याच घड्याळावर ठेवला. रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० पेक्षा दोन नोंदी जास्त पाठवतो आहे, घेणारा ४८,००० च घेतो आहे. जास्तीच्या नोंदी कुठेतरी टाकाव्याच लागतात, आणि टाकल्या की ‘टक्’. ठरावीक अंतराने येणारी ही टकटक ऐकून माणसं केबल बदलतात, संगणक बदलतात. बदलायची असते ती एकच गोष्ट: इंटरफेसच्या सेटिंगमध्ये घड्याळाचा स्रोत ‘आतला’ होता तो ‘बाहेरचा’ करायचा. यूएसबीने जोडलेल्या एका रेकॉर्डरला हा प्रश्न येत नाही, कारण संगणक त्याचंच घड्याळ मानतो. दोन यूएसबी रेकॉर्डर एकाच वेळी जोडले की पुन्हा भांडण. मॅकवर दोघांचं मिळून एक यंत्र करून ‘ड्रिफ्ट करेक्शन’वर खूण करता येते, विंडोजवर स्टाइनबर्गच्या एएसआयओ पद्धतीने चालणारी सॉफ्टवेअरं साधारणपणे एका वेळी एकाच ड्रायव्हरला दाद देतात.

मैदानात केबल नसेल तर छोटे टाइमकोडचे डबे मिळतात. त्यांतल्या स्फटिकाची तापमानानुसार दुरुस्ती केलेली असते. चांगल्या डब्यांची चूक दिवसाकाठी एका फ्रेमच्या आत राहते, म्हणजे दहा लाखांत अर्ध्याहून कमी. रेकॉर्डर त्या डब्यावर सतत चालू शकत असेल तर उत्तमच. तेवढा खर्च झेपत नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय दोन टाळ्यांचा. एक पोवाड्याआधी, एक संपल्यावर. दोन टाळ्यांमधलं अंतर पहिल्या यंत्रावर मोजायचं, दुसऱ्यावर मोजायचं, आणि सॉफ्टवेअरला सांगून दुसरा ट्रॅक तितक्या प्रमाणात ताणायचा किंवा आवळायचा. दहा लाखांत चाळीस भागांच्या ताणाने सुरात पडणारा फरक कुठल्याही कानाला कळण्यापलीकडचा आहे. शेवटची टाळी वाजवायचं मात्र लक्षात ठेवायला हवं, आणि पोवाडा रंगल्यावर नेमकी तीच राहते.

वेगाच्या चुकीचा एक राक्षसी प्रकारही आहे. रेकॉर्डर ४४,१०० वर आणि सॉफ्टवेअरचं काम ४८,००० वर. हे दोन आकडे शेजारी शेजारी का आले? सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपशिवाय स्वस्त माध्यम नव्हतं. व्हिडिओच्या एका ओळीत तीन नोंदी, अमेरिकी पद्धतीत २४५ वापरण्याजोग्या ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रं: गुणाकार ४४,१००. युरोपी पद्धतीत २९४ ओळी आणि ५० क्षेत्रं: पुन्हा ४४,१००. हाच आकडा पुढे सीडीने घेतला. ४८,००० मात्र २४ आणि २५ या दोन्ही फ्रेमसंख्यांनी नि:शेष भागतो, म्हणून चित्रपट आणि दूरचित्रवाणीने तो धरला. सॉफ्टवेअर सहसा फाइल वाचून रूपांतर करून घेतं. पण ते झालं नाही, तर दहा मिनिटांचा पोवाडा नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतो, आणि पांढरी चारमध्ये गाणारा शाहीर काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्ये, पेटीवर नसलेल्या जागी जाऊन बसतो. ही चूक निदान लगेच कळते. खरी भीती असते ती न कळणाऱ्या चुकीची.

आता तिसरं काम, ठोक्याचं. त्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे.

१९८३ साली कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा सिंथेसायझर रोलँडच्या सिंथेसायझरला पाच पिनांच्या केबलने जोडून दाखवला गेला, आणि मिडी ही पद्धत जगासमोर आली. मिडी आवाज पाठवत नाही, सूचना पाठवते, आणि त्यांतली एक सूचना म्हणजे घड्याळ: एका मात्रेला चोवीस स्पंदनं. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर सेकंदाला ४८. हे घड्याळ सांगतं ते लयीबद्दल. रेकॉर्डरने सेकंदाला किती नोंदी घ्याव्यात याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. ड्रम मशिन मिडीने सॉफ्टवेअरच्या तंतोतंत मागे चालू शकतं आणि त्याच वेळी डिजिटल केबलवर टकटक चालू राहू शकते. दोन्ही खरं.

संगीताची सॉफ्टवेअरं वाढली ती या मात्रांच्या जाळीवर. पडदा उघडला की उभ्या रेषा, मिनिटाला १२० च्या लयीत आखलेल्या. चित्रपटसंगीताला ही जाळी फार उपयोगी. ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. अशा कामात तिकडचे व्हायोलिनवादक आणि इकडचा ताल एका खोलीत नसतात. दोघांना धरून ठेवतो तो कानातल्या हेडफोनमधला क्लिक.

पण पोवाड्याच्या शाहिराला क्लिक देऊन बघा. पोवाडा काही एका लयीत चालत नाही. कथन चाललं की डफ निवांत, मग गद्य, मग दम घेऊन उंच सूर, आणि घोरपड कड्याला लागली की सगळं चढायला लागतं. झीलकऱ्यांचं ‘जी जी’ शाहिराच्या श्वासावर उठतं, मिनिटाला अमुक मात्रा यावर नाही. क्लिकच्या तालमीत बसवलेला पोवाडा ऐकायला नीटनेटका असतो आणि त्यात गडावर कुणीच चढत नाही. तीच गोष्ट ध्वनिमुद्रणानंतर ठोके ओढून जाळीवर बसवण्याची. सॉफ्टवेअरमध्ये ती एका कळीवर होते म्हणून करावी असं नाही.

उलट दिशेने जाता येतं, आणि बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. डफाचा ट्रॅक तसाच ठेवायचा आणि त्याच्या ठोक्यांवर खुणा करत जाऊन जाळीच वाकवायची. मग मोजपट्टीवर ८४, नंतर ९१, मध्येच काही नाही, मग १३० अशी चढती-उतरती रेघ तयार होते. नंतर संबळ किंवा हार्मोनियम भरायचं असेल, तर ते या वाकलेल्या जाळीवर डफाबरोबर चालतं. नंतर भरणाऱ्या वादकाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट: सॉफ्टवेअर आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतं. ४८,००० च्या वेगात १०२४ नोंदींचा तुकडा म्हणजे एकवीस मिलिसेकंदांचा उशीर, २५६ चा म्हणजे पाच. वादकाला हेडफोनमध्ये स्वतःचं वाजवणं मागून येतंय असं वाटलं, तर तुकडा लहान करावा, त्याच्या तालाला नावं ठेवू नयेत.

जाळीशिवायच्या काळाचा विचार ज्यांनी संगणकात नीट केला, त्यांत बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंता-संगीतज्ञ आहेत. लखनौच्या तबल्यातले कायदे अभ्यासण्यासाठी जिम किपेन यांच्याबरोबर १९८० च्या दशकात त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ हे सॉफ्टवेअर रचलं, आणि त्यात मात्रांनी मोजलेला काळ आणि मात्रा नसलेला, सलग वाहणारा काळ, दोन्हींना जागा ठेवली. तेच बेल १९९० च्या दशकाच्या मध्याला हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आले. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जमवलेल्या त्या लाखभर ओव्यांसाठी त्यांनी माहितीसाठा बांधला आणि शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण केलं. ओवीत घड्याळ असतं ते जात्याचा फेरा. दाणे जास्त पडले की फेरा जड, ओवी सावकाश. ही लय जाळीवर बसवली तर जातंच हलकं होईल.

त्या ध्वनिमुद्रणाला नंतरच्या काळात मोल आलं, कारण ओवी, गाणारीचं नाव, गाव, तारीख यांची नोंद आवाजाच्या बरोबरीने ठेवली गेली. उमरठच्या पोवाड्याची तीन कार्डं घरी आली की हेच करायला हवं. न ताणलेल्या मूळ फाइली वेगळ्या ठेवाव्यात. कोणतं यंत्र कुठे होतं, शाहिरापासून किती मीटरवर, नोंदींचा वेग किती, टाळ्या कोणत्या मिनिटाला आणि कोणाजवळ वाजवल्या, हे फाइलींच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुरात लिहून ठेवावं. दहा वर्षांनी कुणाला त्यावर माहितीपट करायचा असेल, तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर वेगळं असेल, फ्रेमचा वेगही कदाचित वेगळा असेल, आणि आपण केलेली जुळवणी त्याला बहुधा मोडूनच टाकावी लागेल. मूळ फाइली आणि हे पानभर टिपण हाती असेल, तर त्याला ती अर्ध्या तासात पुन्हा करता येईल.